रोलाँचे शिंग आणि आपल्या गोष्टीतली शिट्टी

यंदाची आंतर-हाउस क्रॉस कंट्री झाली त्या संध्याकाळी मी एमआय रूममध्ये गेलो होतो. नववीतला एक कॅडेट पलंगावर बसला होता आणि त्याचा उजवा पाय उशीवर ठेवला होता. तिसऱ्या किलोमीटरलाच त्याचा घोटा मुरगळला होता. तरी कोणाला काही न सांगता तो उरलेले अंतर तसाच पळाला. एक्स-रे काढल्यावर हाडाला चीर गेल्याचे दिसले. सहा आठवडे प्लास्टर.

मी त्याला म्हणालो, "अरे, रस्त्यात तीन ठिकाणी मार्शल उभे होते. एकाला तरी सांगायचं होतंस."

तो म्हणाला, "सर, त्या रूट मार्चवाल्या सरांनीसुद्धा शिट्टी वाजवली नव्हती."

पालकांना ही गोष्ट माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या हाउसमध्ये प्रत्येक नव्या बॅचला ती ऐकवली जाते. पुष्कळ वर्षांपूर्वी रात्रीच्या रूट मार्चमध्ये एका कॅडेटचा पाय मोडला. गळ्यात शिट्टी होती, पण हाउस हरू नये म्हणून त्याने ती वाजवली नाही. मोडक्या पायाने तो चालत राहिला, पहिला आला, सॅल्यूट ठोकला आणि मग कोसळला. या वर्षभरात मी ही गोष्ट तीन जणांच्या तोंडून ऐकली. एकाच्या गोष्टीत पंधरा किलोमीटर होते, दुसऱ्याच्या गोष्टीत तीस. तिसऱ्याने वाटेत एक बिबट्याही आणला होता.

अडचण एवढीच की त्या मार्चमध्ये मी स्वतः होतो.

खरे काय घडले ते मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी एका जुन्या शिंगाची गोष्ट सांगतो. मी इतिहास शिकवतो, आणि वीरकथा कशी वाढते, कशी वळते हे दाखवायला युरोपच्या मध्ययुगातील रोलाँच्या कथेइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. या कथेच्या मुळाशी काय घडले ते लिहून ठेवलेले आहे आणि पुढच्या हजार वर्षांतल्या तिच्या बहुतेक पायऱ्याही कागदावर सापडतात. त्यामुळे कोणत्या पायरीवर काय गळले आणि काय नवे आले, हे बोट ठेवून दाखवता येते.

१५ ऑगस्ट ७७८

फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन तेव्हा तिशीत होता. सम्राट व्हायला त्याला अजून बावीस वर्षे होती. स्पेनचा बराचसा भाग मुस्लिम सत्तेखाली होता, पण तिथल्या सरदारांचे आपसांत पटत नव्हते. ७७७ मध्ये त्यांच्यातलेच काही जण शार्लमेनच्या दरबारात आले आणि त्यांनी कोर्दोबाच्या अमीराविरुद्ध मदत मागितली. शार्लमेन दुसऱ्या वर्षी सैन्य घेऊन निघाला. सारागोसा शहराचे दरवाजे आपल्यासाठी उघडतील अशी त्याची अपेक्षा होती. ते उघडले नाहीत, वेढाही फळाला आला नाही आणि सैन्य माघारी वळले. परतीच्या वाटेवर त्याने पाम्प्लोना या शहराची तटबंदी पाडली. हे शहर बास्क लोकांचे होते, आणि तेही ख्रिस्तीच.

पुढे पिरेनीज पर्वत ओलांडायचा होता. वाट अरुंद असल्यामुळे सैन्य लांबलचक रांगेत चालले होते. मुख्य सैन्य पुढे गेले आणि सामानसुमान व त्याची राखण करणारी पिछाडीची तुकडी मागे राहिली. वरच्या झाडीत बास्क दबा धरून बसले होते. त्यांनी पिछाडीला खालच्या दरीत लोटले आणि एकूण एक माणूस कापून काढला. सामान लुटले आणि अंधार पडताच ते चारी दिशांना पांगले. सूड घ्यायला समोर कोणी उरलेच नाही.

ही हकीकत शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड याने सुमारे पन्नास वर्षांनी लिहिली. पराभवाची त्याने दिलेली कारणे आपल्या उस्तादांना लगेच पटतील. फ्रँकांची शस्त्रे जड होती आणि जमीन उंचसखल. बास्कांची शस्त्रे हलकी होती आणि डोंगर त्यांच्या पायाखालचा. मेलेल्यांपैकी तीन बड्या माणसांची नावे तो देतो. पहिला राजाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख एग्गिहार्ड, दुसरा राजवाड्याचा अधिकारी आन्सेल्म आणि तिसरा ब्रिटनीच्या सरहद्दीचा अधिकारी ह्रुओडलांड. हा तिसरा म्हणजेच आपला रोलाँ. आइनहार्डच्या ग्रंथाच्या काही हस्तलिखितांत तर हे तिसरे नावही नाही. लढाईची तारीख आपल्याला कळते ती एग्गिहार्डच्या मृत्युलेखावरून. रोलाँचा तसा लेख सापडलेला नाही.

म्हणजे पुराव्याच्या दृष्टीने रोलाँ हा तिसऱ्या क्रमांकाचा माणूस होता. त्याच्याविषयी एका ओळीपलीकडे काही नाही. मित्र, तलवार, शिंग यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. आइनहार्डने त्या खिंडीचे नावसुद्धा दिलेले नाही.

पहिली पायरी : मौन

त्या काळी फ्रँक दरबारात वर्षवार नोंदींची बखर लिहिली जाई. ७७८ सालच्या मूळ नोंदीत स्वारी आहे, पाम्प्लोनाची तटबंदी पाडल्याचे आहे, पण पिछाडी कापली गेल्याचे एक अक्षर नाही. शार्लमेन वारल्यावर, म्हणजे ८१४ नंतर, त्या बखरीची जी सुधारित प्रत प्रचारात होती तिच्यात हा पराभव कबूल केलेला दिसतो.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अधिकृत कागद जेव्हा गप्प बसतो तेव्हा लोक बोलू लागतात. ८४० च्या सुमारास दुसऱ्या एका चरित्रकाराने या प्रसंगाबद्दल लिहिताना सांगून टाकले की मेलेल्यांची नावे सर्वांनाच ठाऊक आहेत, मी ती पुन्हा देत नाही. याचा अर्थ साठ वर्षांनंतरही लोक त्या नावांविषयी बोलत होते. कोण बोलत होते, कुठे आणि कशा शब्दांत, ते आपल्यापर्यंत आलेले नाही.

पुढचा ठळक धागा मिळतो तो स्पेनमधल्या सान मियान मठातल्या एका हस्तलिखितात. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी त्यात एक छोटी लॅटिन टिपण लिहून ठेवली. तिच्यात रोलाँ आहे, ऑलिव्हिए आहे, तुर्पिन आहे आणि खिंडीचे नावही आहे. शार्लमेनला बारा पुतणे-भाचे असल्याचेही तिथे आले आहे. आणि रोलाँला मारणारे आता बास्क नाहीत, सारासेन आहेत. मुसलमानांसाठी त्या काळी युरोपात हा शब्द वापरत. तीनशे वर्षांत शत्रू बदलून गेला होता.

तीनशे वर्षांनंतरचे गाणे

इ.स. ११०० च्या आसपास जुन्या फ्रेंच भाषेत 'रोलाँचे गीत' हे सुमारे ४,००० ओळींचे काव्य तयार झाले. त्याची सर्वांत महत्त्वाची प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. हे वाचण्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी रचलेले काव्य. फिरते गायक सरदारांच्या वाड्यात, जत्रेत, यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या ठिकाणी अशी गीते म्हणत.

गीतातली कथा अशी. शार्लमेन स्पेनमध्ये सात वर्षे लढतो आहे. त्याचे वय दोनशेच्या पुढे आहे आणि दाढी पांढरीशुभ्र. सारागोसाचा राजा मार्सिल तहाचे बोलणे लावतो. त्याच्याकडे वकील म्हणून कोणी जायचे, तर रोलाँ आपल्या सावत्र बापाचे, गानलाँचे नाव सुचवतो. गानलाँला हा अपमान वाटतो. तो शत्रूशी संधान बांधतो आणि परतीच्या वेळी रोलाँला पिछाडीवर ठेवण्याची व्यवस्था करतो. राँसव्होच्या खिंडीत वीस हजार फ्रँकांवर चार लाखांचे सैन्य चालून येते.

रोलाँचा जिवलग मित्र ऑलिव्हिए टेकडीवर चढून शत्रूचे सैन्य पाहतो आणि खाली येऊन सांगतो, 'शिंग फुंक. राजा अजून हाकेच्या अंतरावर आहे, तो परत येईल.' रोलाँकडे हस्तिदंताचे शिंग आहे, त्याचे नाव ऑलिफाँ. ऑलिव्हिए पुन्हा पुन्हा विनवतो आणि रोलाँ दर वेळी नकार देतो. मदत मागितली तर घराण्याला बट्टा लागेल, असे त्याचे म्हणणे.

लढाई होते. शेवटी साठच जण उरतात. आता रोलाँ म्हणतो, शिंग फुंकतो. या वेळी ऑलिव्हिए त्याला अडवतो. तो म्हणतो की सांगितले तेव्हा फुंकले असतेस तर हे सारे जिवंत असते. अविचाराला शौर्य म्हणत नाहीत, आपली माणसे तुझ्या हट्टापायी मेली. आर्चबिशप तुर्पिन दोघांचे भांडण मिटवतो. शिंगाने आता कोणी वाचणार नाही, पण राजा परतेल आणि प्रेतांना नीट मूठमाती तरी मिळेल, असे तो सुचवतो. रोलाँ इतक्या जोराने शिंग फुंकतो की त्याच्या कपाळाची शीर फुटते. तो मरतो तो याने, शत्रूच्या वाराने नव्हे. मरण्यापूर्वी तलवार शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो ती खडकावर आपटतो, पण ती मोडत नाही.

शार्लमेन येतो, सूड घेतो. सूड पुरा व्हावा म्हणून सूर्यसुद्धा थांबतो. शेवटी गानलाँवर खटला चालतो आणि त्याला चार घोड्यांना बांधून फाडले जाते.

काय बदलले, आणि का

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे ७७८, उजवीकडे गीत. एका हंगामाची स्वारी सात वर्षांची झाली. तिशीतला राजा दोनशे वर्षांचा सम्राट झाला. सरहद्दीचा एक अधिकारी राजाचा भाचा झाला. लूट करून पळालेल्या डोंगरी टोळ्यांचे चार लाखांचे सैन्य झाले. हे सारे कोणी एका माणसाने ठरवून केलेले नाही. प्रत्येक बदलामागे ऐकणाऱ्यांची काही गरज होती.

पहिली गरज : पराभव समजून घेण्याची. आपली उत्तम माणसे लुटारूंच्या हातून मेली, हे मनाला पचत नाही. मग गोष्टीत फितूर येतो. गानलाँचा ७७८ च्या कोणत्याही कागदात मागमूस नाही. पण फितूर आला की हार ही हार राहत नाही, ती दगाबाजी ठरते. आणि सेनापतीने पिछाडीला पुरेसे संरक्षण का दिले नाही, हा अवघड प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसरी गरज : आजच्या शत्रूची. ११०० च्या सुमारास फ्रान्समधले सरदार स्पेनमध्ये मुस्लिम राज्यांशी लढायला जात होते आणि १०९९ मध्ये धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेम जिंकले होते. या श्रोत्यांना ख्रिस्ती बास्कांशी झालेल्या चकमकीत रस नव्हता. म्हणून शत्रू बदलला. गीतात मुसलमान मूर्तिपूजक आहेत आणि तीन देवांना भजतात. हे धादांत खोटे आहे. ज्याने गीत रचले त्याला बहुधा त्या धर्माची काहीच माहिती नव्हती. प्रत्यक्षात ७७८ ची स्वारी मुस्लिम सरदारांच्याच निमंत्रणावरून झाली होती, हे तर गोष्टीतून पार पुसले गेले. वीरकथा ऐकताना आपला नायक किती मोठा झाला हे आपण पाहतो. शत्रूच्या तोंडावर कोणता रंग फासला हेही पाहायला हवे.

तिसरी गरज : आपल्याच घरातले वाद मांडण्याची. खटल्यात गानलाँ म्हणतो की मी राजाशी द्रोह केलेला नाही, रोलाँशी माझे खासगी वैर होते आणि मी ते जाहीरपणे सांगितले होते. खासगी वैर मोठे की राजनिष्ठा मोठी, हा बाराव्या शतकातल्या सरदारांचा जिवंत प्रश्न होता. तो गोष्टीत येऊन बसला.

चौथे कारण ठिकाणाचे. सान्तियागोच्या यात्रेची वाट राँसव्होवरूनच जाते. हजारो यात्रेकरू त्या खिंडीतून चालत. ज्या वाटेवर लोक थांबतात तिथे गोष्ट मुक्काम करते, आणि मग प्रत्येक खडकाला तिच्यात जागा हवी असते. पिरेनीजच्या धारेवर सुमारे २,८०० मीटर उंचीवर दगडी भिंतीला पडलेली एक प्रचंड खिंड आहे. तिला आजही 'रोलाँची खिंड' म्हणतात. रोलाँने तलवार आपटली म्हणून ती पडली, असे लोक सांगतात. ती राँसव्होपासून बरीच पूर्वेला आहे, पण त्याने कोणाचे अडत नाही.

सीमा ओलांडल्यावर

बाराव्या शतकातच लॅटिनमध्ये एक बखर निघाली. आपण स्वतः आर्चबिशप तुर्पिन आहोत आणि डोळ्यांनी पाहिलेले लिहीत आहोत, असा तिच्या लेखकाचा दावा होता. गीतात तुर्पिन खिंडीत मरतो, बखरीत तो लिहायला जिवंत राहतो. लोकांनी ही बनावट बखर शेकडो वर्षे खरी मानली. 'मी तिथे होतो' या शब्दांना गोष्टीत फार वजन असते. हे मी स्वतःलाही बजावतो आहे.

सुमारे ११७० मध्ये कोन्राड नावाच्या पाद्र्याने ही कथा जर्मन भाषेत नेली. तिथे रोलाँ फ्रान्सच्या मानासाठी कमी आणि धर्मासाठी जास्त मरतो. उत्तर जर्मनीतल्या शहरांनी त्याला आणखी वेगळे काम दिले. ब्रेमेन शहराच्या चौकात १४०४ पासून रोलाँचा भव्य दगडी पुतळा उभा आहे, तो शहराच्या स्वातंत्र्याचे आणि बाजाराच्या हक्कांचे प्रतीक म्हणून. राजासाठी मेलेला सरदार व्यापाऱ्यांचा राखणदार झाला.

स्पेनमध्ये तर कथा उलटीच झाली. फ्रेंच लोक आपल्या भूमीत येऊन पराक्रम गाजवतात, हे तिथल्यांना कसे रुचावे? तेराव्या शतकातल्या स्पॅनिश बखरींत बेर्नार्दो देल कार्पियो हा वीर येतो. तो मुसलमानांच्या साथीने शार्लमेनचे सैन्य खिंडीत अडवतो. आता नायक तो आहे आणि रोलाँ परका आक्रमक. खिंड तीच, लढाई तीच, फक्त सांगणारा डोंगराच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे.

इटलीत रोलाँचा ओर्लांदो झाला. पंधराव्या शतकात बोइआर्दोने त्याला प्रेमात पाडले आणि १५१६ मध्ये आरिओस्तोने त्याला वेडे केले. अँजेलिका ही राजकन्या या महावीराला सोडून एका साध्या सारासेन शिपायाशी लग्न करते. ओर्लांदो कपडे फाडतो, झाडे उपटतो, गावोगाव धुमाकूळ घालतो. त्याची अक्कल पृथ्वीवर उरलेलीच नसते. त्याचा सोबती चंद्रावर जातो आणि ती बाटलीत भरून परत आणतो. हसू येते, पण याच काव्यात आपल्यासारख्यांनी थांबून वाचावा असा एक प्रसंग आहे. ओर्लांदोच्या हाती शत्रूची बंदूक लागते आणि तो ती समुद्रात फेकून देतो, कारण हिच्यापुढे शूर आणि भेकड यांत फरकच राहणार नाही. आरिओस्तोच्या काळात इटलीत तोफांनी लढाया जिंकल्या जात होत्या. नाइट लोकांचे दिवस सरल्याचे दुःख त्याने सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या वीराच्या हातून मांडले.

आणि मग १६०५ मध्ये स्पेनमध्ये 'डॉन किखोते' आले. सेर्वान्तेसचा हा नायक अशा वीरकथा वाचून वाचून त्या अक्षरशः खऱ्या मानू लागतो, गंजलेले चिलखत घालून बाहेर पडतो आणि हाडे मोडून घेतो. एमआय रूममधल्या त्या पलंगाशेजारी मला हेच पुस्तक आठवले. फरक इतकाच की इथे हसू आले नाही.

आपल्या किनाऱ्यावर

ही कथा भारतातही आली आहे. केरळच्या किनारपट्टीवरील लॅटिन ख्रिस्ती समाजात चविट्टुनाटकम नावाचा नाट्यप्रकार आहे. 'चविट्टु' म्हणजे पाय आपटणे. लाकडी रंगमंचावर पाय दणादणा आपटत, गात, तलवारी फिरवत नट ही नाटके करतात. पोर्तुगीज काळात रुजलेल्या या परंपरेतले सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे 'कारल्मान चरितम', अर्थात शार्लमेन आणि त्याच्या वीरांची कथा. चमचमते मखमली अंगरखे, शिरस्त्राणे, आणि बोल मात्र तमिळ-मल्याळम मिश्रित.

आपल्या शाळेतल्या एका मल्याळी कॅडेटने वर्गात हे ऐकले आणि तो ताडकन उठून म्हणाला, "सर, हे आमच्या चर्चच्या सणाला असतं! माझे आजोबा रोल्दान व्हायचे." पिरेनीजच्या डोंगरात मेलेला माणूस आमच्या सातव्या पिरियडला हजर झाला. त्या दिवशी माझ्या शिकवण्यापेक्षा त्या मुलाचे सांगणेच वर्गाने जास्त ऐकले.

गोष्टीचा नवा हुकूम

ऑक्सफर्डमधले ते जुने गीत मधल्या काळात जवळजवळ विसरले गेले होते. ते छापून निघाले १८३७ मध्ये. तेहतीस वर्षांनी प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. डिसेंबर १८७० मध्ये त्या वेढ्यातच गास्ताँ पारी या विद्वानाने रोलाँचे गीत आणि फ्रेंच राष्ट्रीयत्व या विषयावर व्याख्यान दिले. गीत रचले गेले तेव्हा आजच्या अर्थाने राष्ट्र नव्हते. पण हरत असलेल्या देशाला सन्मानाने हरलेला वीर हवा होता आणि तो तयारच होता. अकराशे वर्षांपूर्वी ज्या पराभवाची नोंद करायला दरबार कचरला, तोच पराभव आता देशाचा अभिमान झाला.

आता आमची शिट्टी

आता त्या रूट मार्चचे सांगतो.

अंतर बारा किलोमीटर होते, पंधरा नाही आणि तीसही नाही. आम्ही सहा जण होतो. आठव्या किलोमीटरच्या पुढे एक ओढा लागला, तिथे माझ्या मित्राच्या पायाखालचा दगड फिरला. मी आणि आणखी एक जण दोनशे पावले पुढे होतो. तो खाली बसला आणि त्याने शिट्टी वाजवली, आम्हाला शिकवले होते तशी, तीनदा. आम्ही मागे धावलो. दोन काठ्या आणि ग्राउंडशीट यांचे स्ट्रेचर केले आणि आळीपाळीने त्याला चेक पोस्टपर्यंत नेले. आमचे हाउस शेवटचे आले. बिबट्या नव्हता. पाऊस थोडासा होता.

मग शिट्टी गोष्टीतून गेली कुठे? ती मी काढली. दोन वर्षांनी मी हाउस कॅप्टन होतो. फायनलच्या आदल्या रात्री ज्युनियर्सना जोश यावा म्हणून मी ही गोष्ट सांगितली. शिट्टीपाशी आलो आणि ते वाक्य मी सोडून दिले, कारण त्याच्याशिवाय गोष्ट चांगली वाटत होती. शेवटचा नंबरही सांगितला नाही. आपण खोटे बोललो असे मला तेव्हा वाटले नाही. मी फक्त दोन वाक्ये कमी केली होती. पुढच्या कॅप्टनने मोकळ्या जागेत पहिला नंबर भरला, त्याच्या पुढच्याने सॅल्यूट भरला. जिथे मी गप्प बसलो तिथे त्यांनी बोलायला सुरुवात केली.

गेल्या महिन्यात मी त्या मित्राला फोन केला. फौजेत अनेक वर्षे काढून तो आता निवृत्त झाला आहे. आपल्या नावाची अशी गोष्ट शाळेत चालते हे ऐकून तो आधी खूप हसला. मग त्या मुलाचे प्लास्टर ऐकून गप्प झाला. म्हणाला, "अरे, शिट्टी वाजवली म्हणून तर पाय वाचला. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक किलोमीटर चालला असता तर मेडिकलमध्येच अडकला असता. त्याला सांग हे."

मी त्या कॅडेटला सांगितले. असेंब्लीतही सर्वांसमोर सांगितले, गोष्ट कोणी बिघडवली हेही सांगितले. एका सिनियरने नंतर प्रामाणिकपणे विचारले, "सर, मग अशा गोष्टी सांगायच्याच नाहीत का?"

सांगायच्या. गोष्टीवाचून कुठलीही पलटण, कुठलेही हाउस उभे राहत नाही. रोलाँची कथा बाराशे वर्षांच्या प्रवासात पुष्कळ बदलली. पण त्या जुन्या रचनाकाराने एक गोष्ट जपली, आणि मी ती जपली नाही. त्याने रोलाँचा पराक्रम ठेवला आणि त्याच्या शेजारी ऑलिव्हिएलाही उभे ठेवले. मदत वेळेवर मागणे हेही शहाण्या सैनिकाचे काम आहे, असे तोंडावर सांगणारा माणूस त्या गोष्टीत आहे. तो तितकाच शूर आहे आणि तोही तिथेच लढून मरतो. ऐकणाऱ्याला दोघांपैकी कोणाचे खरे, हा विचार करावाच लागतो. आमच्या हाउसच्या गोष्टीतून मी ऑलिव्हिएलाच काढून टाकले होते.

म्हणून माझ्या वर्गात आता एक रीत पाडली आहे. शाळेची कुठलीही जुनी गोष्ट सांगायची असेल तर तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची. ही तुला कोणी सांगितली? त्या वेळी तिथे कोण होते? आणि यातले कोणते वाक्य गैरसोयीचे म्हणून गळले असेल? तिसऱ्या प्रश्नाला मुले सर्वांत जास्त वेळ घेतात. गेल्या आठवड्यात या प्रश्नातून जुन्या हॉकी फायनलची गोष्ट निघाली आणि विजयी गोल आपल्याच बचावपटूच्या काठीला लागून गेला होता हे बाहेर आले. गोष्ट आधीपेक्षा जास्त रंगली.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुलगा घरी येऊन शाळेच्या शौर्याच्या गोष्टी सांगू लागला तर कौतुकाने ऐका आणि हळूच विचारा, "मग त्याने कोणाला हाक मारली?" माजी कॅडेट्सनाही विनंती. त्या रात्री ओढ्याकाठी आपण सहा जण होतो. माझ्या सांगण्यात काही चुकले असेल तर संपादकांना कळवा. पुढच्या अंकात तुमची दुरुस्ती छापू.

त्या कॅडेटचे प्लास्टर निघाले आहे. सध्या तो पीटीला बाजूला उभा राहून वेळ मोजतो. गळ्यात शिट्टी असते, आणि ती वाजवायला तो मुळीच कचरत नाही.